अडतिसावं कडं

मिस्त्रींना सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. मिस्त्री स्वतः गवंडी, त्यामुळे त्यांच्या खिशात तो कायम असायचाच, पण नाव पडलं ते वेगळ्या कारणाने. कुणाच्याही घरी गेले की ते दारातच थबकायचे, मान जराशी कलती करायचे, एक डोळा मिटायचे आणि समोरची भिंत कुठे कलली आहे ते सांगून टाकायचे. कोणी विचारलेलं नसायचं. आजाऱ्याला भेटायला गेले तरी तेच. एकदा आमच्या कार्यालयात साहेबांसमोर उभं राहून म्हणाले, या भिंतीचं पोट सुटलंय. आणि साहेबांनी नकळत आपलं पोट आत घेतलं.

मी तेव्हा अग्निशमन दलाच्या कार्यालयात परवान्यांच्या खिडकीवर बसत होते. गाव थंडीचं. वर्षातले पाच-सहा महिने संध्याकाळी ऊब हवीशी वाटायची, आणि बहुतेक घरांना मागे छोटंसं परस होतं. तिथे शेकोटीसाठी दगडाचं कायमचं कडं बांधून घ्यायची टूम निघाली. शेजाऱ्याने बांधलं म्हणून आपण, मेहुण्याने बांधलं म्हणून आपण, असं करता करता गावभर झालं. मग भांडणं सुरू झाली. कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास, कुणाच्या दमेकरी आईला त्रास, आणि एका घरी तर ठिणगी उडून मागची लाकडी खोली जळाली. तेव्हा आमच्या कार्यालयाने नियम केले.

कडं घरापासून, कुंपणापासून आणि झाडाच्या फांद्यांपासून पंचवीस फूट लांब हवं. तीन फुटांपेक्षा रुंद नको. जाळायचं ते सुकं लाकूड. पालापाचोळा, कचरा, रंग दिलेल्या फळ्या नाहीत. पाण्याची नळी किंवा भरलेली बादली हाताशी हवी. मोठ्या माणसाने शेकोटी सोडून उठायचं नाही. वारा सुटला असेल तर पेटवायची नाही, आणि शेजाऱ्याने धुराची तक्रार केली तर वाद न घालता विझवायची. विझवायची म्हणजे राखेत हात घालता येईल इतकी. हे सगळं एका पानावर छापलेलं होतं आणि ते पान मी दिवसातून पंधरा वेळा वाचून दाखवायची. ‘वाद न घालता’ या शब्दांशी आलं की लोक हसायचे.

अर्जात बांधणाऱ्याचं नाव लिहायला एक रकाना होता. तिथे बहुतेक वेळा एकच नाव असायचं. मिस्त्रींनी बांधलेलं कडं लांबूनही ओळखू यायचं, कारण ते विटा वापरत नसत. खाणीच्या मागून जो ओढा वाहतो त्याच्या पात्रातले गोटे ते निवडून आणायचे. निळसर, अंड्यासारखे गुळगुळीत, तळहातावर घेतले तर खाली ठेवावेसे वाटू नयेत असे. ते एकावर एक असे बसवायचे की मधली फट कुठे आहे ते शोधावं लागायचं. लोक मुद्दाम ते कडं बघायला शेजारच्या परसात जायचे. मिस्त्रींना त्याचा अभिमान होता, आणि ते तो लपवत नसत.

बायको वारल्यानंतर ते हार्डवेअरच्या दुकानावरच्या एका खोलीत राहत होते. मूलबाळ नव्हतं. जवळचं म्हणावं असं माणूस एकच, धाकटी बहीण. ती शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले लोकांचे कोट आणि पँटी, आणि दारावर घंटी. ती भावाला दादा म्हणायची आणि त्याची मनसोक्त थट्टा करायची. गिऱ्हाइकाच्या बाह्या खालीवर झाल्या असल्या की म्हणायची, दादाला बोलवा, तो एक डोळा मिटून सांगेल.

तिने कडं मागितलं तेव्हा मिस्त्रींनी एका दिवसात बांधून दिलं. परवाना मीच केला. आमचे तपासनीस टेप घेऊन गेले, सगळं मोजून आले. घरापासून सव्वीस फूट. व्यास पावणेतीन. साहित्य न जळणारं: होय. मी शिक्का मारला.

पुढच्या रविवारी, ऊन उतरायच्या सुमाराला, त्यांनी पहिल्यांदा शेकोटी पेटवली. बहीण, तिचा नवरा आणि मिस्त्री. वारा नव्हता. पाण्याची बादली भरलेली होती. नवरा चहाचे कप आणायला आत गेला. बहीण पुढे वाकून काटकी सरकवत होती, आणि मिस्त्री तिच्याशी काहीतरी बोलत होते. काय बोलत होते ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. खालच्या थरातला एक गोटा फुटला. मिस्त्री सांगायचे की आवाज मोठा नव्हता. कोरडी फळी गुडघ्यावर मोडावी तसा. बहीण ओरडली नाही. तिने दोन्ही हात चेहऱ्यावर ठेवले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “दादा, काय होतं ते?”

डावा डोळा वाचला नाही.

चौकशी आमच्याच कार्यालयाने केली. साहेबांनी फुटलेले तुकडे हातात घेऊन पाहिले आणि मला समजावून सांगितलं की असा गोटा वर्षानुवर्षं पाण्यात पडून असतो, त्याच्या आत बारीक बारीक भेगांमधून पाणी मुरतं, आणि आग लागली की त्या पाण्याची वाफ होते. वाफेला वाट मिळाली नाही की दगड फुटतो. पण आमच्या नियमांत याबद्दल एक शब्द नव्हता. अंतर बरोबर, मापं बरोबर, लाकूड सुकं, पाणी हाताशी, मोठी माणसं हजर. अहवालाच्या शेवटी एक ओळ आली: नियमांचा भंग झालेला नाही, कोणाचाही दोष आढळत नाही. तो कागद टाइप मी केला होता.

चार दिवसांनी मिस्त्री खिडकीशी आले. त्यांनी अहवालाची प्रत काचेखालून माझ्याकडे सरकवली आणि त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“यात दोष नाही असं लिहिलंय.”

मी म्हटलं, हो मिस्त्री, सगळं नियमाप्रमाणेच होतं.

“मग तिचा डोळा कशाने गेला?”

मागे रांग होती. ते बाजूला सरकले आणि भिंतीलगतच्या बाकावर बसून राहिले, कार्यालय बंद होईपर्यंत. दुसऱ्या दिवशीही आले. ती ओळ खोडून घ्यायची आहे एवढंच त्यांचं म्हणणं होतं. साहेबांनी बाहेर येऊन समजूत काढली की ज्या गोष्टीची मनाई नाही ती केल्याबद्दल कोणाला दोषी ठरवता येत नाही. मिस्त्री म्हणाले, मग मनाई करा. साहेब म्हणाले, त्याला समिती लागते, वेळ लागतो. त्या सगळ्या बोलण्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बाकासमोरची ती पोट सुटलेली भिंत त्यांच्या नजरेसमोरच होती, पण त्यांनी मान कलती केली नाही, डोळा मिटला नाही. पुढे कामावरही त्यांना तसं करताना कोणी पाहिलं नाही. भिंत बघायची झाली तर दोन्ही डोळे उघडे ठेवून, दोरी सोडून, हात लावून बघायचे.

समितीची वाट न बघता त्यांनी आपलं काम सुरू केलं. बांधलेलं प्रत्येक कडं पाडायचं. त्यांनी माझ्याकडे यादी मागितली. ती द्यायची की नाही यावर मी एक रात्र विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी दिली. नोंदवहीत त्यांच्या नावावर सदतीस परवाने होते, बहिणीचा धरून.

यादी बघून ते म्हणाले, “एक कमी आहे.”

गोटे टेम्पोने येत. टेम्पोच्या चार खेपा झाल्या होत्या. एका खेपेत दहा कड्यांचे गोटे यायचे, ते त्यांनी स्वतः निवडलेले आणि ढीग करून ठेवलेले, त्यात चूक नाही. शेवटी दोन कड्यांचे उरले, ते अजून त्यांच्या खोलीमागे पडून होते. म्हणजे अडतीस कडी बांधली गेली. मी वही पुन्हा पुन्हा पाहिली. सदतीसच होती. ते म्हणाले की आठवेल, आधी ही तर होऊ देत.

पुढचे तीन महिने ते घरोघर फिरले. खांद्याला हातोडा-छिन्नीची पिशवी, हातगाडीवर भट्टीच्या विटा. दार उघडलं की सांगायचे, मीच बांधलं होतं, चुकीचं बांधलं, पाडून नवीन विटांचं बांधून देतो. काहींनी बहिणीचं ऐकलं होतं. ते मुकाट्याने बाजूला व्हायचे. पण सगळे तसे नव्हते. एका निवृत्त मास्तरांनी तीन हिवाळे काही झालं नाही, आता कसं होईल, असा हिशेब मांडला. एका बाईला ते निळे गोटे फार आवडायचे. तिने सांगितलं की आम्ही पेटवणारच नाही, कुंड्या ठेवू, पण मोडू नका. मिस्त्रींनी तिला रोज संध्याकाळी जाऊन विचारलं, आज पेटवली नाही ना? नवव्या दिवशी ती कंटाळली. एका घरी कोणी नव्हतं, तर त्यांनी कुंपण ओलांडून कडं पाडलं आणि निघून गेले. घरमालक तक्रार घेऊन माझ्या खिडकीवर आला. मी त्याला अर्ज दिला, तो भरताना त्याने विचारलं की हा माणूस जरा डोक्याने हललाय का. मी बहिणीचं सांगितलं. त्याने पेन ठेवलं आणि अर्ज घडी करून खिशात घालून गेला.

छत्तीस घरांची पडली. बहिणीचं तर पहिल्याच दिवशी पाडलं होतं. अडतिसावं राहिलं.

आता त्यांचं वागणं बदलू लागलं. काम संपलं की गल्ल्यांमधून चालत निघायचे आणि प्रत्येक कुंपणावरून आत डोकावायचे. आपलं बांधकाम आपण विसरूच कसे, हे त्यांना कळत नव्हतं. ज्यांची कामं केली त्यांच्या घरच्या चौकटी, पायऱ्या, नळाच्या जागा सगळं आठवत होतं, आणि एका कड्याच्या जागी नुसतं धुकं. दुकानात कोणी पेटी आपटली, कोणी बोटं मोडली, तरी ते दचकून मागे बघायचे. मला त्यांनी एकदा सांगितलं की आवाज त्या कड्याचा येतो. कुठून येतो ते मात्र कळत नाही. गावात कुठेतरी ते आहे, त्याच्यासमोर कोणीतरी वाकून बसलंय, आणि मला त्याचा चेहरा दिसत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज शांत होता. मी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

खरं सांगायचं तर तोवर मलाही तो आजार लागला होता. बाजारात जाताना मी लोकांच्या परसात डोकावायचे. धूर दिसला की पाय थबकायचे. शिक्का माझाही होताच.

हिवाळा संपता संपता समितीने नवीन कलमाचा मसुदा मागवला आणि त्याला जोडायला जखमी झालेल्या व्यक्तीचा जबाब हवा म्हणाली. छापील अर्ज घेऊन मी बहिणीकडे गेले. दुपारची वेळ. मिस्त्री तिथेच होते, खिडकीची कडी बसवत. तिने मशिनीवरचं काम बाजूला केलं. एका डोळ्याने सुईत दोरा ओवायला तिला आता वेळ लागायचा. दोरा सुईच्या अलीकडे किंवा पलीकडे जायचा, नेमका नाकात नाही. त्यामुळे ती सकाळीच वीस सुया ओवून गादीला टोचून ठेवायची. मला तिने खुर्ची दिली, मिस्त्रींना बसायला सांगितलं. ते तिच्या डावीकडे जाऊन बसले.

ती म्हणाली, “दादा, तू नेहमी या बाजूला का बसतोस? मला दिसत नाहीस.”

ते जागचे हलले नाहीत. मी घाईघाईने प्रश्न विचारायला सुरुवात केली. कडं कधी बांधलं, कोणी बांधलं, पेटवताना कोण कोण होतं. ती सरळ उत्तरं देत होती. अर्जात एक निरुपयोगी वाटावा असा प्रश्न होता: अशा प्रकारचं बांधकाम करून घेण्याचं कारण.

“कारण काय,” ती म्हणाली, “दादाच्या घरी होतं ना, ते बघून. वहिनीसाठी बांधलं होतं त्याने. सगळ्यात पहिलं. वहिनीला थंडी सोसायची नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, मलाही असंच पाहिजे.”

मी लिहीत होते. माझं पेन थांबलं, कारण मिस्त्री उठून उभे राहिले होते.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना धक्का बसल्यासारखं वाटत नव्हतं. एखादा माणूस आपल्याच घरात, रोजच्या वाटेवर, न पाहिलेल्या दारासमोर उभा राहावा तसे ते उभे होते. त्या घरात बायको आजारी पडली, तिथेच गेली. महिन्याभरात त्यांनी घर सोडलं आणि त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. कडं त्या वेळचं, म्हणजे आमचे नियम व्हायच्या आधीचं. परवाना नव्हता, म्हणून माझ्या वहीत नाही. आणि कोणी सांगितलेलं काम नव्हतं, म्हणून त्यांच्या यादीतही नाही.

“तिथे आता कोण राहतं?” त्यांनी विचारलं. बहिणीलाही माहीत नव्हतं.

मी त्यांना एकट्याला जाऊ दिलं नाही. अर्ज तसाच टाकून आम्ही निघालो. ते इतके भराभर चालत होते की मला जवळजवळ धावावं लागत होतं. गल्लीच्या तोंडाशी मात्र ते थांबले आणि हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले. मग म्हणाले, चला.

दार एका नर्सने उघडलं. ड्युटी करून आली होती, झोपेतून उठली होती, केस एका बाजूला चपटे झालेले. मी कार्यालयाचं ओळखपत्र दाखवून मागच्या कड्याबद्दल विचारलं. हो, आहे ना, ती म्हणाली. सुट्टी असली की मी आणि आई पेटवतो. मिस्त्रींनी विचारलं, काही झालं नाही ना? तिने आठवून सांगितलं की गेल्या महिन्यात एकदा फाटकन आवाज झाला होता, लाकडात गाठ असेल म्हणून सोडून दिलं. नंतर मागच्या दाराला एक ढलपी उडालेली दिसली. घरमालकाला सांगायचं राहून गेलं.

आम्ही मागे गेलो. कडं तसंच होतं, काळवंडलेलं. बाकीच्यांपेक्षा जरा ओबडधोबड, पहिलंच म्हणून असेल. मी सवयीने टेप लावली. दारापासून अकरा फूट. खालच्या थरात एका गोट्याची अर्धी बाजू नव्हती. आणि दारावर, साधारण माझ्या हनुवटीच्या उंचीला, एक तिकोनी खोक होती. मिस्त्रींनी तिच्यात बोट घातलं. दगडाची कपची अजून आत रुतलेली होती.

नर्सने विचारलं, आई नेहमी या खुर्चीवर बसते, ती त्या दिवशी पाणी प्यायला उठली होती, म्हणजे त्या गोट्यामुळे झालं का हे? विचारता विचारताच ती खाली पायरीवर बसली.

मिस्त्री कड्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले होते. जमिनीकडे बघत म्हणाले, “ती इथे बसायची. दोन हिवाळे. पाय अगदी दगडाला टेकवून.”

मग त्यांनी कडं पाडलं. हातोडा फारसा लागला नाही. एकेक गोटा दोन्ही हातांनी उचलून ते पोत्यात ठेवत होते, कुणाला झोपेतून उठवायचं नसावं तसे. नर्सने तिच्या आईला आतल्या खोलीतच थांबवून ठेवलं. तिची आई खिडकीच्या काचेतून बघत होती. मिस्त्रींनी एकदाच वर पाहिलं, आणि नंतर सगळा वेळ खिडकीकडे पाठ केली. ती त्यांच्या बायकोची खोली होती, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. काचेमागे बाईचा चेहरा पाहून त्यांच्या हातातला गोटा सुटता सुटता राहिला होता.

पाडलेल्या सगळ्या कड्यांचे गोटे ते ओढ्यात नेऊन टाकत. हेही आम्ही त्यांची हातगाडी आणून तिच्यावर नेले. ऊन अजून होतं. ते पोती रिकामी करत असताना मी काठावर उभी होते. मला वाटलं होतं, आता त्यांचा जीव हलका होईल. शेवटचं पोतं झटकून ते माझ्याजवळ आले.

“मला माहीत होतं, बाई,” ते म्हणाले. “वडिलांनी सांगितलं होतं. एका घरी चूल बांधत होतो तेव्हा. ओढ्यातला दगड आगीला लावायचा नाही, तो पाणी प्यायलेला असतो. मी विसरलो नव्हतो. मला वाटलं, जुन्या माणसांचं काहीतरी. आणि गोटे दिसायला इतके सुंदर होते.”

तेव्हा मला कळलं की ते त्या बाकावर दिवस दिवस का बसून राहिले होते. दोष नाही हे वाक्य दुसऱ्या कुणालाही सुटका वाटलं असतं. त्यांच्यासाठी ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले आणि मी त्यांचा जबाब त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला. साहेब नको म्हणत होते, याची गरज नाही, उगाच भानगड होईल. पण कोणी स्वतःहून जबाब देत असेल तर तो घ्यायचा नाही असाही नियम नव्हता. मी तो फाईलला लावला. समितीने कलम मंजूर केलं: नदी, ओढा किंवा पाणथळ जागेतले दगड शेकोटीच्या बांधकामात वापरू नयेत, भट्टीची वीट वापरावी. एका ओळीचं कलम. त्यात कोणाचं नाव नाही.

पण ही गोष्ट बहिणीला कळायलाच हवी होती, आणि ती त्यांनीच जाऊन सांगितली. मी तिथे नव्हते. तिने काय केलं ते तिनेच मला पुढे माझ्या कोटाची बाही आखूड करताना सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुला माहीत होतं? ते हो म्हणाले. तिने त्यांना जायला सांगितलं. डोळा गेल्यापासून तिने भावाला कधी बोल लावला नव्हता, उलट लोकांची तोंडं बंद केली होती. दादाने हौसेने बांधून दिलं, त्याला काय स्वप्न पडलं होतं, असं म्हणायची. आता तिला वाटलं की आपल्याकडून ते सगळं फसवून घेतलं. अडीच महिने ती बोलली नाही. मिस्त्री रविवारी तिच्या गल्लीपर्यंत जायचे आणि परत फिरायचे. नवऱ्याने मधे पडून पाहिलं, तर तिने त्यालाही गप्प केलं.

मग एक दिवस तिने माझ्याजवळ निरोप दिला की पुढची पायरी हलतेय, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचा पाय मुरगळेल. एवढंच. मी तो निरोप दुपारच्या सुट्टीतच पोचवला. मिस्त्री जेवत होते, ताट तसंच ठेवून उठले. पायरी खरंच हलत होती का ते मी विचारलं नाही. ती दुरुस्त करायला त्यांना दोन दिवस लागले, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीने त्यांना आत जेवायला बोलावलं. ती अजून कधीमधी तुटक बोलते. ते ऐकून घेतात. तिला बहुधा तेवढं पुरतं.

मी आता निवृत्त झाले आहे. मिस्त्रींनी शेकोटीचं काम पुन्हा घेतलं नाही; न्हाणीघराच्या फरशा बसवतात, तेही जमेल तेवढं. झोप लागते का विचारलं तर म्हणतात, लागते. आवाज येतो का ते मी विचारत नाही, कारण अजूनही रस्त्यात कोणाच्या हातून काही पडलं की ते कुठे बघतात ते मला दिसतं.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना म्हटलं की आता तरी पुरे, अडतीसच्या अडतीस झाली. ते म्हणाले, माझी झाली. पण माझी बघून दुसऱ्या गवंड्यांनी बांधली असतील, लोकांनी स्वतः गोटे गोळा करून रचली असतील, कलम व्हायच्या आधी. त्यांची कुठे मोजदाद आहे? तीस वर्षं परवान्याच्या खिडकीवर बसलेल्या बाईला याचं उत्तर माहीत होतं.

दर मंगळवारी दुपारी, काम लवकर उरकून, ते एक गल्ली निवडतात आणि कुंपणांवरून बघत चालत जातात. गावाला आता ते सवयीचं झालंय. कोणी हटकत नाही. एखादी बाई कपडे वाळत घालता घालता म्हणते, आमचं विटांचंच आहे हो मिस्त्री. आणि ते मान डोलावतात, पण आत येऊन हात लावून बघतातच.